इतर म्हणजे कोण?

बातमी हातात आली की बाई चष्मा कपाळावर चढवायच्या, कागद नाकाशी धरायच्या आणि लाल पेनाने एकच शब्द शोधायच्या. 'इतर'. सापडला की त्याभोवती गोल. "हा इतर कोण गं? राहतो कुठे?"

मुंबईत मरोळला पिठाच्या गिरणीवरच्या पोटमाळ्यात त्यांचं पाक्षिक निघायचं. संपादक त्या, बातमीदार त्या, अंक वाटणाऱ्याही त्याच. स्वतःचं नाव मात्र फक्त शेवटच्या पानाच्या तळाशी, संपादक-मुद्रक-प्रकाशक या बारीक ओळीत. तेही कायद्याने लागतं म्हणून. अंकाला पिठाचा वास यायचा. "ताजा माल आहे, घ्या," असं म्हणून त्या तो लोकांच्या हातात ठेवायच्या.

मी कॉलेजातून नुकतीच बाहेर पडले होते आणि मला सगळं येतं अशी माझी खात्री होती. पहिली बातमी वस्तीतल्या बायकांच्या भीमगीतांची. मुख्य गायिकेचं नाव लिहिलं आणि पुढे 'व इतर साथीदार' लिहून मोकळी झाले. बाईंनी गोल काढला आणि मला भर उन्हात परत पाठवलं.

आठ घरं फिरले. शेवटच्या घरी ढोलकी वाजवणाऱ्या शेवंताबाई कपडे वाळत घालत होत्या. "लिही काहीपण. मला कोण ओळखतंय?" मी हलले नाही. तेव्हा त्या हात पुसून जवळ आल्या आणि स्वतःचं, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं सावकाश सांगितलं. "नीट लिही हां." तो अंक अजून त्यांच्या घरी बुद्धाच्या तसबिरीमागे आहे.

काही माणसांचा आग्रह आपल्याला आधी खुळचटपणा वाटतो. तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं. मलाही बाईंचा तसाच वाटायचा. पाण्यासाठी, गटारांसाठी त्या वॉर्ड ऑफिसात भांडायच्याच, पण जीव होता तो पालिकेच्या छोट्या हॉलवर. चाळीतल्या कोकणातल्या मंडळींचं नमन हे लोकनाट्य आणि वस्तीतली भीमगीतं त्यांनी तिथे एकाच संध्याकाळी ठेवली. खुर्च्या स्वतः लावल्या आणि मांडव घालणाऱ्याचंसुद्धा पूर्ण नाव माइकवर घेतलं.

मग तो हॉल बंद करून तिथे गोदाम करायचं ठरलं. सुनावणीला पालिकेचे साहेब म्हणाले, "मॅडम, इथे कलाकार आहेत कुठे? चार-दोन लोक येतात ना फक्त."

बाईंनी जुन्या अंकांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. "नाव आहे, गल्ली आहे. मी वाचते, तुम्ही मोजा."

त्या वाचायला लागल्या. पहिलं नाव घेतलं आणि बाहेरच्या पॅसेजमधून आवाज आला, "हजर." दुसऱ्याला तसंच. बाईंनी सगळ्यांना बोलावून ठेवलं होतं, मलाही न सांगता. शेवंताबाईंचा 'हजर' तर खालच्या मजल्यावर ऐकू गेला असेल. अर्ध्या तासाने साहेबांनी हात जोडले. हॉल राहिला. त्या दिवशी मी बाईंच्या शेजारी उभी होते याचा मला आजही अभिमान वाटतो.

डागडुजी होऊन हॉल पुन्हा उघडला तेव्हा मोठ्या पेपरांनी पुढाऱ्यांची नावं छापली आणि पुढे 'व इतर उपस्थित होते'. मी चिडले. बाईंनी लाल पेन काढलं, गोल केला आणि पोट धरून हसल्या. "एवढी वर्षं शोधत होते बघ. मीच निघाले."

गेल्या वर्षी बाई गेल्या. शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. मी दाराशी वही घेऊन उभी होते आणि प्रत्येकाला पूर्ण नाव विचारत होते.

"अगं, माझं तर तुला पाठ आहे ना," शेवंताबाई म्हणाल्या.

"तरी सांगा. नाहीतर बाई रागावतील."

त्यांनी डोळे पुसले आणि पहिल्यासारखंच सावकाश सांगितलं.

पुढचा अंक मीच काढला. नावांनी त्याची दोन पानं भरली. बाईंच्या फोटोला जागा उरली नाही. अंक घेऊन मी शेवंताबाईंकडे गेले. त्यांनी आधी स्वतःचं नाव शोधलं, मग पानावरून बोट फिरवत विचारलं, "आणि बाईंचं कुठंय?"

मी शेवटच्या पानाच्या तळाशी ती बारीक ओळ दाखवली. त्या अंकापुरती ती मी बदलली नव्हती.