खंय आणि कुठे

रोज सकाळी वेंगुर्ल्याच्या बंदरावर होड्यांतले बांगडे उतरत असताना भिकाजी तांडेल समुद्राकडे तोंड करून एकच शब्द घोकायचा, "कुठे. कुठे. कुठे." पाट्या घेऊन उभ्या असलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. एकीने तर त्याच्या आईला विचारलंही, "गो, तुज्या झिलाचा काय हरावला?"

काय हरवलं होतं ते मला ठाऊक होतं. ते माझ्याकडेच होतं.

आम्ही दोघे गावच्या हायस्कुलात कच्चे मास्तर होतो, बी.ए. झालेले, पण बी.टी. ही मास्तरकीची पदवी न घेतलेले. भूगोलाची एक जागा कायम होणार होती, आणि आधी बी.टी. होईल त्याची ती, असं ठरलेलं होतं. फोंडाघाट चढून आम्ही बरोबरच कोल्हापूर गाठलं आणि एकाच स्टोव्हवर वर्षभर भात शिजवला. शिकवण्यात मी त्याच्या पासंगालाही पुरत नव्हतो. रेडीपासून वर सगळा किनारा तो एका दमात फळ्यावर काढायचा आणि मध्येच खडू टेकवून म्हणायचा, "हंयसून माजो बापूस होडी लोटायचो." पोरं आ वासून बघत राहायची.

वार्षिक पाठाला परीक्षक मागच्या बाकावर बसले होते. भिकाजीने किनारा काढला आणि रंगात येऊन वर्गाला विचारलं, "सांगा बघू, वेंगुर्ला खंय आसा?"

कोल्हापूरचा वर्ग खो खो हसला. लेखीत पहिल्या पाचांत आलेला भिकाजी पाठात नापास झाला. मी टाचणात लिहिलं होतं तेवढंच बोललो आणि पास झालो. जागा मला मिळाली. परत येताना माझी ट्रंक त्यानेच एस.टी.वर चढवली. "तुजी जीब इस्त्री केलेली," तो म्हणाला, "माजी दर्यात भिजलेली."

त्यानंतर त्याने मालवणी सोडली, अगदी घरातसुद्धा. शिकवण्या करत बाहेरून एम.ए. केलं, तेही दुसऱ्या वर्गात. पण बी.टी.वाचून एम.ए.ला कोणी विचारीना. दुसऱ्या खेपेला पाठात तो इतका जपून बोलला की मध्येच अडला, आणि पुन्हा नापास झाला. तिसऱ्या खेपेला मी मुद्दाम कोल्हापूरला जाऊन, मागे बसून त्याचा पाठ ऐकला. एक शब्द चुकला नाही. फळ्यावर किनारा नव्हता. छापील नकाशा टांगला होता. पोरं जांभया देत होती. तो पास झाला आणि मला रडू आलं.

त्याला नोकरी मिळाली ती दूर घाटावर. सुट्टीत यायचा तेव्हाही पुस्तकातल्यासारखंच बोलायचा. त्याची आई मासे विकून परतताना माझ्या ओटीवर टेकायची. एकदा म्हणाली, "तो बोलाक लागलो की माका पदर सारखो करूचो लागता."

ती आजारी पडल्याची तार गेली तेव्हा तो दोन दिवसांनी पोचला. त्याच रात्री ती गेली. तिचे दिवस झाल्यावर बंदरावर त्याने मला सगळं सांगितलं. तो उशाशी बसला आणि त्याने विचारलं, "आई, कुठे दुखतं?" तिचे डोळे अधू झाले होते. ती भिकाजीच्या वहिनीकडे वळून म्हणाली, "गो, ह्यो खंयचो मास्तर इलो?"

"मग तू काय म्हणालास?" मी विचारलं.

"सांगायचं होतं, 'आवशी, मी भिकू.' जीभ वळेना. 'मी भिकाजी आहे' एवढंच आलं. तिने हात जोडले."

दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.ने तो गेला, तो पुन्हा वेंगुर्ल्याला आला नाही. पुढे तिकडेच वारला. मला पत्राने कळलं.

त्याच्या जागेवर मी अजून भूगोल शिकवतो. वर्गात कोणाच्या तोंडून "खंय" निघालं की मी थांबवतो आणि "कुठे" म्हणायला लावतो. पुढे परीक्षा असतात.