हर्षालीचा भरतीचा नियम

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ज्या दोन मित्रांच्या आडून खोटं बोललो, त्यांना तर नाहीच नाही. आज सांगायला बसलोय, आणि पहिल्या वाक्यालाच स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटतेय.

तुम्ही म्हणाल, एका खेळावरून एवढं? हो, खेळावरूनच. टेबलाभोवती पाच-सहा जण बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं, एक जण गोष्ट चालवतो आणि अडलं की फासे टाकायचे. वसई-विरारमध्ये आमची अशी तीन टेबलं आहेत. मी चालवतो ते एव्हरशाईन सिटीत, एका मित्राच्या हॉलमध्ये, दर रविवारी दुपारी. तिन्ही टेबलांचं जग मात्र एकच — एकीकडे पूल पडला की तो तिन्हीकडे पडला. म्हणून कुणी घरी बनवलेला नियम आणला, किंवा बाहेरच्या पुस्तकातला, तर तिन्ही टेबलं चालवणाऱ्यांनी हो म्हणायला हवं. निकाल मी कळवायचा. आणि नाही कोण म्हणालं ते सांगायचं नाही, उगाच मैत्रीत वितुष्ट नको. ही शहाणपणाची अट कुणाची? माझीच.

हर्षाली माझ्या टेबलावर खेळायची. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली मुलगी, सातिवलीच्या एका कारखान्यात नोकरीला. वडिलांचा जन्म होडीवर गेलेला. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला, डावी बाजू गेली, तेव्हापासून ते ओट्यावर बसून. कुणाशी फारसं बोलतही नसत. हिने आमच्या जगासाठी भरतीचा नियम लिहायला घेतला आणि सहज त्यांना विचारलं — तर “बाबा आठ दिवस बोलत होते, दादा,” असं मला सांगताना तिचा चेहरा काय फुलला होता! तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाणी कमी चढणार. वहीची चार पानं भरली होती.

चाचणी म्हणून एका रविवारी तो नियम मीच खेळायला दिला. सहा रविवार खपून मी खेळाडूंच्या बंदराला वेढा घातला होता. शत्रूची जहाजं बाहेर, तोंडाशी वाळूचा दांडा, कुणाची सुटका नाही — काय तो माझा अभिमान! हर्षालीने विचारलं, “दादा, आज तिथी कुठली?” मी बेसावध. म्हटलं, चतुर्थी. “मग तीन वाजता दांड्यावरून पाणी जाईल. होड्या काढा!” अर्ध्या तासात माझा वेढा उठला. सगळे उभे राहून टाळ्या पिटत होते. मीही पिटल्या. आतून पेटलो होतो.

आम्ही वाडीवाले. केळी, पानवेली, विहीर. समुद्र घराच्या मागेच म्हणायचा, पण भरती कधी ते मला आजही दुसऱ्याला विचारावं लागतं. माझ्याच टेबलावर मी अडाणी ठरलो, एवढंच झालं होतं. नाचता येईना अंगण वाकडं — दुसरं काय?

घरी जाऊन मी तिचं गणित फोनवर ताडून पाहिलं. चूक सापडावी म्हणूनच. महिन्याभराच्या तिथी तपासल्या. थोडी मिनिटं इकडेतिकडे, बाकी सगळं बरोबर.

आणि तरीही मी तिला लिहिलं — शब्द जसेच्या तसे सांगतो, पळवाट नको — “बाकीच्यांना पटलं नाही. भरतीचा हिशोब खऱ्या समुद्राशी जुळत नाही म्हणतात. बाबांना पुन्हा एकदा नीट विचार.” बाकीच्यांनी तिचा नियम पाहिलासुद्धा नव्हता! त्यांना मी सांगितलं, तिनेच मागे घेतला. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची, आणि खांद्याला पत्ता नाही. त्याच आठवड्यात एका परदेशी पुस्तकातला नियम मी मंजूर करून घेतला. फासा टाका, सम आला तर भरती, विषम आला तर ओहोटी. वसईत बसून, भरती फाशावर! लाज कशी वाटली नाही मला?

ती भांडली असती तर बरं झालं असतं. पुढचे चार रविवार आली, मुकाट्याने फासा टाकला. मग येईनाशी झाली. तेव्हा मला राग कुणाचा आला, माहितेय? तिचाच. एवढ्याशावरून रुसायचं, म्हणे.

पावसाळा संपल्यावर एका सकाळी मी पाचूबंदरला मासळी घ्यायला गेलो. घराच्या ओट्यावर तिचे बाबा बसले होते. एकदा मी तिला घरी सोडलं होतं, त्यामुळे त्यांनी ओळखलं. “तू त्या खेलातला ना?” मी हो म्हटलं. तेवढ्यात जाळं खांद्यावर टाकून जाणाऱ्या एकाने हाक मारली, “काका, आज भरती कवा?” पूर्वी अख्खं बंदर त्यांनाच विचारायचं, हे हर्षालीनेच मला सांगितलं होतं. काकांनी मान हलवली. “मना नको इचारू. क्यालेंडरात बघ.”

मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुमचंच बराबर आसंल रे. दोन वर्सं पान्यात गेलो नाय. इसरलो.”

असं म्हणताना ते हसले. माझ्यावर नाही, स्वतःवर. एक वाक्य पुरलं असतं — काका, तुमचं बरोबर होतं, खोटं मी बोललो. ते जिभेवर आलंही होतं, असं सांगून मी चांगुलपणा पदरात पाडून घेणार नाही; आलं नव्हतं. मला तिथून लवकर निघायचं होतं.

मी म्हटलं, “होतं असं, काका. वय झालं की होतं.” आणि पापलेटाची पिशवी उचलून गाडीकडे गेलो.