देवाजीच्या खेळावर माझे शेरे

आमचं नंदनवन वस्तीतलं घर रस्त्यात गेलं, त्याला आता पाच वर्षं होतील. ते वाचवायला मला दोन महिने मिळाले होते, आणि ते दोन महिने मी एका खेळातल्या चुका काढण्यात घालवले. आठवलं की आजही स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

खेळ होता आमच्या शेजारच्या देवाजीचा. देवाजी नगररचनेच्या एका कचेरीत ट्रेसर. साहेबानं पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर ट्रेसिंगचं कापड पसरायचं आणि शाईनं रेघा गिरवायच्या, हे त्याचं काम. वीस वर्षं त्यानं दुसऱ्यांच्याच रेघा गिरवल्या. छप्पन साली बापाचा हात धरून दीक्षाभूमीवर गेलेला हा माणूस. दर रविवारी विहारात पंचशील म्हणायचा, आणि वैताग म्हणजे आठवडाभर ते खरोखर पाळायचा. खोटं बोलणं नाही, दिलेला शब्द मोडणं नाही. अशा माणसाशी भांडायलाही मजा येत नाही.

एकोणऐंशीच्या जूनमध्ये त्यानं जुन्या ट्रेसिंग कापडावर सतरंजीएवढं अख्खं शहर काढलं. सोंगट्या म्हणून शर्टाची बटणं, फाशांऐवजी फोडलेले चिंचोके, आणि लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर लिहिलेले पत्ते. शहराचं नाव भोंगापूर. तिथं भोंगा झाला की झोपायचं, भोंगा झाला की उठायचं, पाणी मिळायचं ते बिल्ला दाखवून. मधूनच एक लाल रेघ यायची. ती ज्या घरावरून जाईल ते घर पडलं. विचारायचं कुणाला?

पहिल्या रविवारी मी थक्कच झालो. सापशिडीत फासा नेईल तिकडे मुकाट जावं लागतं, इथं मात्र कुठंही जा! विहिरीत उतरा, पाण्याच्या टाकीवर चढा, कुणाची हरवलेली बकरी शोधून द्या. दर घरात माणसं, आणि दर माणसाची वेगळी कहाणी. मला त्यानं दारात जामाचं, म्हणजे पेरूचं, झाड असलेलं घर दिलं. माझ्या खऱ्या दारातही जाम होता. मला वाटलं, दोस्तीखातर काढलं असेल.

"खेळा श्रीधरभाऊ, अन् सांगा मले काय चांगलं, काय वाईट," तो म्हणाला.

हे मला सांगायला नको होतं. मी हेडक्लार्क. खिशात कायम लाल शाईचं पेन, आणि शेरा मारल्याशिवाय कागद पुढं सोडायचा नाही ही जन्माची खोड. गुण लिहिले तीन: मोकळीक, चित्रं, माणसं. दोष नऊ निघाले. जिंकायचं कसं याचा पत्ता नाही. चालावं फार लागतं. भोंगापुरात एकही माणूस हसत नाही. आणि सगळ्यात मोठा दोष म्हणजे काही करा, जामवालं घर पडतंच.

"हे काहून पडते गा दर डावाले?" तिसऱ्या रविवारी मी चिडून विचारलं.

"पत्ते वाचत जा ना भाऊ. पुरते वाचत जा." त्याला घाम फुटला होता. त्याची बायको कौसल्या चहा घेऊन आली होती. कपबशी हातात तशीच धरून तीही माझ्याकडे बघत राहिली.

मी वरचा पत्ता उचलला. 'सरकारी गॅझेटचं चौथं पान वाचा.' मला हसूच आलं. गॅझेट माझ्या टेबलावरही येतं, मी त्यावर जेवणाचा डबा ठेवतो. खेळात कोणी गॅझेट वाचतं का? पुढचं न वाचताच शेरा मारला आणि पत्ता त्याच्याकडे फेकला. त्यानं तो गुपचूप पत्त्यांच्या डब्यात ठेवून दिला. नंतरच्या तीन रविवारी जामवाल्या घरावरची लाल रेघ जाड होत गेली. मी तोही दोष लिहिला: रेघ भडक.

ऑगस्टमध्ये नोटीस आली. रस्ता रुंद होणार, आमचं घर पाडणार. हरकतीची मुदत एकतीस जुलैलाच संपलेली. माझी बायको नीला नोटीस घेऊन जामाखाली बसली, ती उठेचना. पलीकडच्या गल्लीत तिघांनी वेळेत हरकत लिहिली होती, त्यांची घरं वाचली.

मी तसाच देवाजीच्या घरात घुसलो. "तुले माहीत होतं! तूच गिरवली ना ते रेघ? मले सांगितलं काहून नाही?"

"मुदत संपेपर्यंत बाहेर एक शब्द बोलणार नाही, असं साहेबानं आम्हा सगळ्यायकडून लिहून घेतलं होतं," देवाजी म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "बोललो नाही मी. पण सहा रविवार सांगूनच राहिलो होतो ना भाऊ."

त्यानं पत्त्यांचा डबा उघडला आणि तो पत्ता माझ्या हातात दिला. मी तो पहिल्यांदाच पुरता वाचला.

'सरकारी गॅझेटचं चौथं पान वाचा. जामवाल्या घरानं ३१ जुलैच्या आत हरकत लिहावी. नाही लिहिली, तर घर गेलं.'

त्याखाली लाल शाईत, माझ्याच वळणदार अक्षरात शेरा होता: 'कंटाळवाणं. काढून टाकावं.'