भूत गल्ली ते काशी गल्ली

गावातल्या गल्ल्यांना नव्या पाट्या लागणार असं कळलं. जुनी नावं कुठून आली ते आधी विचारून ठेवू, म्हणून आम्ही तिघं निघालो. मी मेडिकलवाला, म्हणून गावाचा 'डॉक्टर', सुधाताई भूगोलाच्या रिटायर्ड मॅडम आणि बबनराव एसटीचे माजी कंडक्टर. नावं कमी सापडली, किस्सेच जास्त साचले! आता आर्णीच्या बसची वाट बघत उभा असलो तरी कोणीतरी म्हणतंच, "डॉक्टर, थो लंडनचा सांगा ना!"

*

पण आधी भूत गल्ली. बबनराव तिथून कधी जात नसत. सुधाताईंनी त्यांना भरदुपारी ओढून नेलं. पहिल्याच दारात एक आजी तुरीच्या शेंगा सोलत होती.

"आजी, इथं भूत कोणी पाहिलं का?"

"पाहून त राह्यले तुमी!" आजी म्हणाली. "मी सुमन भुते. पह्यले साऱ्या गल्लीत भुतेच होते. आता मी एकलीच उरली."

आजीनं चहा पाजला. बाहेर आल्यावर बबनराव हळूच म्हणाले, "भूत चांगलं हाय. साखर मोकळ्या हातानं टाकते!"

*

लंडन गल्लीत लंडनला कोणीच गेलेलं नव्हतं. एका काकांनी खुलासा केला, "माहा मोठा भाऊ नागपूरले गेलता. टाय लावून परत आला. तवापासून लंडन गल्ली!"

"मग नागपूर गल्ली काहून नाही?"

"नागपूरले त सारेच जातात जी!"

*

मिठा चौकात लोक छाती फुगवून सांगत होते, "आमची जबान मीठी, म्हणून हे नाव!" तेवढ्यात मागे नळावर दोन बायांची अशी जुंपली की आम्हाला ऐकूच येईना.

बाजाराला आलेले तांड्यावरचे रामधनकाका हसायला लागले. "मीठा नाही, मीठ! आमचे आजे-पणजे बैलांवर मीठ लादून आणत, अन् अठीच उतरवत."

सुधाताईंनी नळाकडे बघितलं. "आता पटलं!"

*

शेवटी काशी गल्ली. सगळ्यांचं एकच म्हणणं, कोणीतरी काशीयात्रा करून आलं असेल. कोपऱ्यातल्या घरी एक म्हातारे बाबाजी एकटेच राहतात. ते म्हणाले, "काशी म्हंजे माही बायको. सारा दिवस दारात उभी. कोणी वाट चुकला का लोक सांगत, 'काशीले विचार.' थे गेली, नाव राह्यलं."

सुधाताईंच्या पिशवीत नव्या नावांची यादी होती. नव्या पाटीवर 'काशी विश्वनाथ मार्ग' येणार होतं. सुधाताईंनी ते कसंबसं सांगितलं आणि लगेच म्हणाल्या, "पण आम्ही अर्ज करतो बाबाजी. नुसतं 'काशी गल्ली' ठेवायला लावतो. भांडू आम्ही!"

बाबाजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला.

"काय लिवणार म्हणता? पुन्ना सांगा."

"काशी विश्वनाथ मार्ग."

"मग कायले भांडता? राहू द्या तसंच."

"काहून, बाबाजी?"

"माहं नाव विश्वनाथ हाय."