बोराएवढी शेपटी

मुलीचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी शाळेतून येऊन नुकतीच पंख्याखाली टेकले होते. कंपनी तिला वर्षभरासाठी जर्मनीला पाठवत होती. ही बातमी तिनं घाईघाईत उरकली आणि पुढचा सगळा वेळ मांजरीबद्दलच बोलत राहिली.

"आई, तिला कुठल्या पाळणाघरात नाही ठेवणार मी. तिथं ती जेवणारच नाही. माणसाच्या मागं मागं असते गं ती, कुत्र्यासारखी."

"मग आपल्याकडं? अप्पांना विचारलंस का?"

"तूच विचार ना. प्लीज."

अप्पा म्हणजे माझे सासरे. ऐंशी ओलांडलेले. चादरींचं दुकान आवरून त्यांना बरीच वर्षं झाली. गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग, आणि सकाळची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घेत नाहीत. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही. शेजारी, अरुंद बोळापलीकडं, एका तेलुगू कुटुंबाचं घर आहे. रविवारी त्यांच्याकडून फोडणीचा वास आला की अप्पा उठून मधल्या बोळाकडची खिडकी लावून घेतात. भांडण कसलंच नाही. संक्रांतीला तिळगूळ जातो, त्यांच्याकडून देवीच्या बोनमच्या सणाला प्रसाद येतो. खिडकी मात्र लागते.

संध्याकाळी मी विषय काढला. अप्पा शेंगा फोडत होते. म्हणाले, "मांजर हाय की, वाघ न्हाय. राहू दे. दूध पील, उंदीर धरील."

दूध आणि उंदीर, यापलीकडं मांजराला काही लागतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. खरं तर मलाही नव्हतं.

मुलगी आली ती वेताची टोपली पोटाशी धरूनच. टोपलीतून आधी एक गोल डोकं निघालं, मग राखाडी पट्ट्यांचं घुमटदार अंग, आणि शेवटी मागचे पाय. ते पुढच्या पायांपेक्षा चांगले लांब. ती हॉलमधून चालली तेव्हा सशासारखी टुणटुण उडतच गेली. शेपटीच्या जागी बोराएवढा केसाळ गोळा.

अप्पा खुर्चीत सावरून बसले. "शेपूट कुणी तोडलं गं हिचं?"

"कुणी नाही अज्जा. जन्मापासून अशीच आहे. मँक्स म्हणतात या जातीला. काहींना तर शेपूटच नसतं, हिला निदान एवढं तरी आहे."

"दुखत न्हाय न्हवं?"

"ओढलं तर दुखतं. तिथं हात लावायचा नाही. आणि उचलताना हे बघा, एक हात मागच्या पायांखाली हवाच. लोंबकळती धरायची नाही. हिचा मणका शेवटाला नाजूक असतो."

तिनं उचलून दाखवलं. मग मला कंगवा दाखवला, कारण हिच्या अंगावर केसांचे दोन थर, वरचा राठ आणि आतला कापसासारखा. रोज विंचरलं नाही तर केस पोटात जातात. पाण्याची भांडी घरात दोन-तीन ठिकाणी ठेवायची. शीचा ट्रे रोज साफ करायचा आणि शी कशी झाली तेही बघायचं. हे ऐकताना मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. ती पुण्यात एकटी राहायला लागली तेव्हाच तिनं हे पिल्लू आणलं होतं. निघताना तिनं मांजरीच्या कपाळाला कपाळ लावलं आणि आमच्याकडं न बघता रिक्षात बसली.

तिनं मांजरीला एक इंग्रजी नाव दिलं होतं. "ते माझ्या जिभेवर बसत न्हाय," म्हणत अप्पा तिला सरळ बेक्कु म्हणायला लागले. घरात आम्ही मराठी आणि कानडी दोन्ही बोलतो, आणि कानडीत मांजर म्हणजे बेक्कु. शेजारच्या अक्का तिला पिल्ली म्हणायच्या, कारण तेलुगूत मांजर म्हणजे पिल्ली. एवढी मोठी मांजर आणि हिला पिल्लू काय म्हणता, असं मी सुरुवातीला त्यांना विचारलंही होतं.

मुलगी गेल्यावर बेक्कु दिवसभर दाराकडं तोंड करून बसली. संध्याकाळी उठली, घरभर फिरली, प्रत्येकाला हुंगलं, आणि अप्पांच्या खुर्चीखाली जाऊन पसरली. तिनं त्यांनाच का निवडलं, सांगता येणार नाही. बहुतेक दिवसभर घरात तेच असायचे म्हणून. मी शाळेत, नवरा फिरतीच्या नोकरीवर. पण एकदा निवडल्यावर तिनं त्यांना सोडलं नाही. ते अंघोळीला गेले की ही मोरीच्या दाराशी. पूजेला बसले की चार हात लांब, पुढचे पाय जुळवून. पूजा संपेपर्यंत हलायची नाही. ते कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन आले तरी फाटक वाजताच पळत यायची, आणि तो बोराएवढा गोळा थरथरायला लागायचा. म्याव असं ती क्वचितच म्हणे. घशातल्या घशात टर्र्र करायची, कबूतर घुमावं तसं.

दुपारी अप्पा कापसाच्या वाती वळतात. एकदा एक वात त्यांच्या हातून निसटून घरंगळत गेली. बेक्कु उडी मारून गेली, वात तोंडात धरली आणि त्यांच्या पायाशी आणून ठेवली.

"उष्टी केली की गं!" अप्पा ओरडले. तिनं त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी ती वात उचलली आणि या वेळी मुद्दाम लांब फेकली. त्या दिवसापासून देवासाठीच्या वाती वेगळ्या आणि बेक्कुच्या वेगळ्या.

अडचण होती ती जेवणाची. मुलीनं दिलेलं पाकीट मी पहिल्यांदा फोडलं तेव्हा मासळीचा वास खोलीभर पसरला. अप्पांनी उपरणं नाकाला लावलं. "हे काय?"

"तिचं जेवण आहे अप्पा. सुकं अन्न."

"ह्या घरात न्हाय."

आम्ही मधला मार्ग काढला. तिचं भांडं मागच्या गॅलरीत. मी सकाळी शाळेत जाण्याआधी आणि आल्यावर घालायची. पण अप्पांच्या मनाला ते लागून राहिलं. ज्या जिवाला आपण मांडीवर घेतो तो असलं काही खातो हे त्यांना सोसेना. त्यांनी तिला माणसात आणायचं ठरवलं. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून, वर तुपाचा थेंब सोडून ते तिच्यासमोर ठेवायला लागले. ती ते खायची. आवडीनं खायची असं नाही, पण अप्पा शेजारी बसून "ऊटा आतेनु?" म्हणजे जेवलीस का, असं विचारत राहिले की वाटी संपवायची. मग गॅलरीतलं अन्न तसंच उरायचं.

"अप्पा, तिला हे चालत नाही," मी म्हणायची.

"दूधभाकरीनं कुणाचं वाईट झालंय का आजवर?" ते म्हणायचे. याला उत्तर देणं सुनेला अवघड असतं.

एप्रिल उजाडला. सोलापूरचा उन्हाळा आम्हालाच सोसत नाही, ती तर दोन थरांचा कोट घालून आलेली. दिवसभर न्हाणीघरातल्या शहाबादी फरशीवर पोट टेकून पडायची. पाणीही कमी प्यायची. एका सकाळी अप्पा पूजेला बसले आणि ती आली नाही. पूजा अर्धी ठेवून ते कधी उठत नाहीत. त्या दिवशीही उठले नाहीत, पण मंत्र घाईत चालले होते हे मला स्वयंपाकघरातून कळत होतं.

ती पलंगाखाली होती. पोट फुगून टणक झालेलं. ट्रेमध्ये जाऊन कुंथायची, काहीच व्हायचं नाही, परत पलंगाखाली. मी हात घातला तर ओरडली. तिचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

शाळेला रजा टाकून मी रिक्षा बोलावली. अप्पा चपला घालून माझ्याआधी फाटकात उभे. टोपली त्यांनी मला धरू दिली नाही.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी पोट चाचपलं, शेपटीच्या गोळ्याभोवती अगदी हलक्या बोटांनी दाबून बघितलं. "या जातीत हा धोका असतोच. मणका आखूड, मागच्या नसा जन्मापासून कमजोर असू शकतात. त्यामुळं शी पुढं ढकलायला जोर पुरत नाही. वर उन्हाळा, पाणी कमी. खायला काय देता?"

मी अप्पांकडं बघितलं नाही. तेच म्हणाले, "दूधभाकरी. मी देतो."

"आजोबा, कुत्रं एक वेळ भाकरीवर जगेल. मांजराला मांसच लागतं, नाहीतर ते जगत नाही. आणि हिला तर ओलंच हवं. उकडलेली कोंबडी, पाण्यासकट. त्यात थोडा शिजवलेला भोपळा कालवा, पोट साफ राहील."

एनिमा द्यावा लागला, सलाइन लावावं लागलं. तिला दवाखान्यातच ठेवून घेतलं. आम्ही रिकामी टोपली घेऊन परतलो. रिक्षात अप्पांनी ती मांडीवरून खाली ठेवली नाही. जेवायला बसले, भाकरीचा तुकडा मोडला आणि ताट सारलं. "माझं जेवण तिच्या गळी उतरवलं मी," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बेक्कु घरी आली, मान टाकलेली, पण डोळे उघडे. अप्पांनी तिला उचललं, एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, आणि गादीवर ठेवलं. मग स्वयंपाकघरात गेले, एक स्टीलचा डबा काढला, कापडी पिशवीत घातला आणि फाटकाबाहेर पडले. मी मागोमाग गेले. ते शेजारच्या दारात उभे होते.

अक्कांनी दार उघडलं. "अप्पा? तुम्ही? या की आत. काय झालं?"

अप्पांनी डबा पुढं केला. "तुमच्याकडं ते... कोंबडीचं शिजतं तेव्हा. थोडं पाहिजे होतं. मीठमसाला न घालता. हाडं नकोत."

अक्कांनी आधी डब्याकडं, मग आमच्या घराकडं बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "पिल्लीला?"

"डॉक्टरनं सांगितलंय."

"बरी आहे का ती?"

"न्हाय. म्हणून तर आलो."

अक्कांचे डोळे भरून आले. त्यांनी डबा घेतला. "मी वेगळं उकडते तिच्यासाठी. आणि दारात आणून देते. तुम्ही कशाला हात लावता त्याला?"

"मागायला मी आलो," अप्पा म्हणाले, "मग न्यायला दुसऱ्याला कसं पाठवू?"

तेव्हापासून ते जातात. सुरुवातीला डबा अंगापासून लांब धरून यायचे, गॅलरीत बसून तोंड फिरवून वाटीत ओतायचे, मग अंघोळ करायचे. दिवसातून दोनदा अंघोळ, त्या पाणीटंचाईत. पुढं नुसते हात धुवायला लागले. मग वाटीवर वाकून, एखादं हाड राहिलंय का हे बोटांनी चाचपून बघायला लागले. अक्कांच्या दारात बोलत उभे राहायचे, दोघंही आपापल्या भाषेतून मराठीत येत, औषधाचं, भोपळ्याचं, मांजरीच्या शीचं बोलायचे. पूर्वी खिडकीआडून ओळखणारी ही माणसं.

श्रावणात अक्कलकोटकडून अप्पांचे चुलतभाऊ आले. त्यांनी डबा बघितला, वाटी बघितली. "अण्णा, ह्या वयात हे? घरात लिंगपूजा, आणि हातात हे?"

अप्पांनी बेक्कुला मांडीवर घेतलं आणि अंगठ्यानं तिचा ओठ किंचित वर केला. "हे दात बघ. देवानं भाकरी चावायला दिलेत का हे? मी तिला माझं खाऊ घातलं तर मरायला टेकली. आता तिचं तिला देतो. पूजा माझी मी करतो."

चुलतभाऊ चहा न घेता गेले. दिवाळीत आले तेव्हा चहा घेतला. विषय कुणीच काढला नाही.

वर्ष सरलं आणि मुलगी परतली. ती येणार त्या आठवड्यात मला अप्पांची काळजी लागून राहिली होती. पण त्यांनी सगळी तयारी स्वतः केली. टोपली उन्हात ठेवली, कंगवा धुतला. मुलगी आल्यावर तिला समोर बसवून समजावलं. अन्न कोमट करून घालायचं, पोटावरून असा हात फिरवायचा, एक दिवस शी झाली नाही तरी वाट बघत बसायचं नाही. "घेऊन जा. तुझी हाय ती," म्हणाले.

बेक्कु मुलीला विसरली नव्हती. तिच्या पायांत घोटाळली, टर्र्र टर्र्र करत राहिली. मुलीनं तिला उराशी धरलं. थोड्या वेळानं अप्पा पाणी प्यायला उठले, आणि बेक्कु तिच्या कुशीतून उतरून त्यांच्या मागं टुणटुण निघून गेली.

त्या दुपारी मुलगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. इतकी वर्षं मला वाटायचं की तिचं पुण्यात छान चाललंय. "माझा फ्लॅट दिवसभर बंद असतो गं," ती म्हणाली. "मी यायची तेव्हा दाराशी तीच असायची. दुसरं कुणी नसायचं." मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. मग तिनंच डोळे पुसले. "पण तिला असं दिवसभर कोंडायचं, माझी वाट बघायला? इथं तिला माणसं आहेत." बेक्कुला इथंच ठेवायचं हे तिनं ठरवलं. अप्पांनी मागितलं नव्हतं, आम्ही कुणी सुचवलं नव्हतं.

आता ती दर महिन्याला सोलापूरला येते. पूर्वी सणासुदीलाच यायची. ती आली की अप्पा दुपारी आपल्या खोलीत जातात आणि आतून कडी लावून घेतात. एरवी त्यांचं दार कधी बंद नसतं. बेक्कु येऊन दाराशी बसते, पंजानं एकदोनदा खरवडते. आतून काही आवाज येत नाही, अप्पा खोकलासुद्धा दाबून धरतात. शेवटी ती उठते, हॉलमध्ये जाते आणि मुलीच्या पोटाशी गोल होऊन झोपते.