रिकामा रस्ता आणि रोजची टपरी

मंडळी, आज सकाळचीच गोष्ट आहे.

खडकीत झेब्रा क्रॉसिंगवरून जात होते. सुट्टीमुळे रस्ता मोकळा. एक स्कूटर चाकं घासत आली आणि माझ्या भाजीच्या पिशवीला टेकून थांबली.

"रस्ता काय तीर्थरूपांचा आहे का?" मी सुरू झाले.

स्कूटरवालीने तोंडावरचा स्कार्फ खाली ओढला. पंचविशीची मुलगी, ओठ पांढरे पडलेले.

"काकू, शप्पथ, मी रोज मागच्या त्या पानटपरीपाशीच ब्रेक दाबते. रोज क्रॉसिंगच्या कितीतरी आधी थांबते हो."

"रोज स्पीड किती असतो?"

"तीस. ट्रॅफिकमध्ये त्याहून जास्त जमतच नाही. आज साठ होता. ऑफिस आहे. आपली सुट्टी क्लायंटला नसते."

माझा राग तिथेच विरघळला. तिला फुटपाथवर बसवलं, पाणी दिलं. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते, त्यामुळे राहवलं नाही. म्हटलं, "बाळा, वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते. ती सगळी ब्रेकनेच जिरवायची, म्हणून थांबायला रस्ताही चौपट लागतो. आज ब्रेक टपरीच्या खूप आधी दाबायला हवा होता."

तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"हो आई, पोचले गं," ती म्हणाली आणि हमसून रडायला लागली.

तुमच्याही घरातून आज कुणी मोकळ्या रस्त्यावर निघालंय का? आत्ता फोन करू नका, गाडीवर असतील. घरी आले की जवळ बसवून ही टपरीची गोष्ट सांगाल?