मुंगीताईचा चढ

माझी बायको दात बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे ठसे डब्यांतून येतात. ती त्यांत प्लास्टर ओतते, मेणात एकेक दात बसवते, घासूनपुसून कवळी तयार करते. दिवसभर मान खाली घालून बसायचं काम. अडतिसाव्या वर्षी तिची कंबर अशी धरली की मोजे घालायलासुद्धा मला हाक मारावी लागे. कुणी म्हणालं पोहा, कुणी म्हणालं चाला. पाण्याची तिला भीती आणि चालण्याचा कंटाळा. शेवटी एका रविवारी तिने जिन्याखाली धूळ खात पडलेली आमच्या मुलीची जाड टायरांची सायकल बाहेर काढली. मुलगी बारा वर्षांची, तिला ती सायकल लहान पडायला लागली होती. आईला मात्र बरोबर बसली. यावरून बायकोच्या उंचीचा अंदाज यावा.

आमच्या वस्तीच्या मागे टेकडी आहे. दगडधोंड्यांतून, झाडांच्या मुळांवरून वर जाणाऱ्या पायवाटा आहेत. ती तिथे जायला लागली. पहिले दोन महिने रोज कुठेतरी खरचटून यायची. गुडघा, कोपर, एकदा हनुवटी. मी औषधाची बाटली घेऊन दारात उभा आणि ही हसतेय. "अरे, उतारावर पुढचा ब्रेक दाबायचा नसतो, आज कळलं," असं म्हणायची, जणू मोठं गुपित हाती लागलंय. कंबर कधी बरी झाली ते आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

कोपऱ्यावरचा सायकल-मिस्त्री दर रविवारी आठ-दहा जणांना घेऊन बाहेर पडायचा. त्याने हिला सोबत नेलं आणि परत आल्यावर मला म्हणाला, "दादा, वहिनी चढताना बघितलं तर हलतायत की नाही तेच कळत नाही. आणि आपण धापा टाकत वर पोचावं, तर त्या आधीच तिथे! मुंगी आहेत मुंगी." तेव्हापासून ती सगळ्यांची मुंगीताई झाली. तिलाही ते नाव आवडलं असावं, कारण हेल्मेटच्या आतल्या बाजूला तिने पेनाने एक मुंगी काढली होती.

मग पातळ टायरांची, रस्त्यावरची सायकल आली. ती आमच्या झोपायच्या खोलीत, कपाटाला टेकून राहायला लागली. बाल्कनीत मागचं चाक उचलून धरणारा स्टँड आला. पहाटे पाचला ती त्यावर तासभर जागच्या जागी घाम गाळायची. खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा जिन्यात गाठून म्हणाल्या, "एवढ्या पहाटे रोज काय दळता हो?" छातीला बांधायचा पट्टा आला. त्यातून ठोक्यांचा आकडा मनगटावरच्या घड्याळात दिसायचा. एक वही आली. आज किती किलोमीटर, किती चढ, ठोके किती, झोप किती. माझ्या वाट्याला बाटल्या भरण्याचं काम आलं. मी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात नोकरीला आहे, तेव्हा पाणी माझ्याकडे असणं सगळ्यांनाच योग्य वाटलं. मला स्वतःला सायकल येत होती, पण ती कॉलेजात जाण्यापुरती.

आमच्याकडे वर्षातून एकदा घाटाची शर्यत होते. बावीस किलोमीटर, सगळा चढ, वर डोंगरमाथ्यावरच्या मनोऱ्यापाशी संपते. चाळिशीपुढच्या बायकांचा वेगळा गट असतो. एकदा त्यात ती चौथी आली. तिसरीपेक्षा अठरा सेकंद मागे. ते अठरा सेकंद मग आमच्या घरातच राहायला आले. जेवताना ती मध्येच थांबायची आणि म्हणायची, "अठरा सेकंदांत माणूस काय करतो? चष्मा पुसतो. बस, तेवढंच."

पुढचं वर्ष तिने त्या अठरा सेकंदांमागे घातलं. पहाटे चढ, रविवारी लांबचा पल्ला, शनिवारी टेकडीवर जाड टायरांची सायकल. दुपारच्या सुट्टीत जबड्यांच्या मधोमध बसून उकडलेले बटाटे खायची. त्रेचाळिसाव्या वर्षी तिच्या पोटऱ्या अशा दिसत होत्या की मुलगी म्हणायची, "आई, स्कर्ट घालून माझ्या कॉलेजात येऊ नकोस, पोरं घाबरतील."

शर्यतीच्या दिवशी मी नेहमीप्रमाणे चौदाव्या किलोमीटरवर थांबलो होतो. तिथे एक तीव्र वळण आहे आणि वळणानंतर कठड्याला लागून उभं राहायला जागा आहे. रस्ता गाड्यांना बंद, म्हणून मी पहाटेच वर जाऊन बसलो होतो. आदल्या वर्षी ती तिथे अट्ठावन्न मिनिटांनी आली होती. या वर्षी छप्पन्न, असं तिने मला बजावून सांगितलं होतं. बाटली बुडाशी धरायची, हात लांब करायचा आणि दोन पावलं सोबत पळायचं.

छप्पन्न मिनिटं झाली. मी हात लांब करून तयार. साठ झाली. तिच्या गटातली आदल्या वर्षीची तिसरी वर गेली, मग पाचवी, मग एक ओळखीचे आजोबा, जे दर वर्षी तिच्या दहा मिनिटं मागे असत. मी त्यांना ओरडून विचारलं, "मुंगीताई दिसली का?" त्यांनी मान हलवली, पण हो की नाही तेच कळलं नाही. चढावर बोलायला कुणाकडे श्वास असतो? फोनला रेंज नव्हती. एकदा वाटलं खाली जावं. मग वाटलं, आपण खाली जायचो, गर्दीत चुकामूक व्हायची आणि ती बाटलीवाचून पुढे जायची. सत्तर मिनिटांनंतर मात्र मला राहवेना. बाटली हातात घेऊन मी उतारावर पळत सुटलो. वर येणारे सायकलवाले माझ्याकडे बघत होते. पंच्याऐंशी किलोचा माणूस, चपला घालून, उलट्या दिशेने.

दोन किलोमीटर खाली ती कठड्यावर बसलेली दिसली. सायकल नीट बाजूला टेकवलेली. कुठे खरचटलेलं नाही, रक्त नाही. पडली नव्हती हे बघून मला इतकं हायसं वाटलं की मी हसलोच. ती हसली नाही. तिने माझा हात घेऊन आपल्या गळ्याच्या बाजूला लावला. आत काहीतरी फडफडत होतं. ठोका असा नव्हताच, नुसती थरथर.

"घड्याळ काय म्हणतंय?" मी विचारलं.

"दोनशे चौदा," ती म्हणाली. "आणि मी अर्धा तास नुसती बसलेय."

"पट्टा सैल झाला असेल."

"पट्टा नाही रे." मग खाली बघत म्हणाली, "मी तीन पट्टे बदलले. चार महिने झाले."

रागवायला हवं होतं, पण तिचे ओठ पांढरे पडले होते. मी तिला पाणी पाजलं आणि सगळ्यांच्या मागून येणारी शर्यतीची रुग्णवाहिका पोचेपर्यंत आम्ही तिथे बसून राहिलो. एकेक जण वर जात होता. जवळजवळ प्रत्येकाने विचारलं, "ठीक ना?" आणि प्रत्येकाला तिने हात वर करून ठीक आहे म्हणून सांगितलं.

रुग्णवाहिकेतल्या माणसाने छातीला तारा लावून कागदाची एक पट्टी काढली. ती पट्टी घेऊन आम्ही हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाई बोलायला मोकळ्या होत्या. सगळ्या तपासण्या झाल्यावर म्हणाल्या, "तुमचं हृदय पंप म्हणून उत्तम आहे. तुमच्या वयाच्या शंभरजणींत असा पंप मिळायचा नाही."

पंप म्हटल्यावर मला धीर आला. मी म्हणालो, "मी पंपावरच काम करतो."

"मग तुम्हाला समजेल," बाई म्हणाल्या. "बिघाड पंपात नाही, वायरिंगमध्ये आहे."

आमच्याकडे वायरिंगचं काही झालं की दुसऱ्या खात्याचा माणूस बोलवावा लागतो.

बायकोने विचारलं, "माझं काय चुकलं? जास्त केलं का मी?"

"वर्षानुवर्षं असे श्रम करणाऱ्या काही जणांना हे होतं. काहींच्या अंगातच असतं. तुमच्या बाबतीत कुठलं, ते मला सांगता येणार नाही."

"म्हणजे सायकल नसती तर झालं नसतं?"

"तेही सांगता येणार नाही."

तिला शिव्या चालल्या असत्या. कुणीतरी ठणकावून सांगितलं असतं की तुझंच चुकलं, तर ती वही काढून बसली असती आणि दुरुस्ती केली असती. सांगता येणार नाही, याचं काय करायचं ते तिला कळेना.

आधी गोळ्या झाल्या. गोळ्यांनी ठोके आवरले, पण पायही आवरले. "ओल्या गादीवर चालवल्यासारखं वाटतं," ती म्हणायची. मग मांडीतून तार आत सरकवून हृदयातल्या बिघडलेल्या जागा डागायचं ठरलं. मी बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर चार तास बसलो होतो. पुढचे तीन महिने रक्त पातळ करणारं औषध होतं, म्हणून पडायचं नाही अशी सक्त ताकीद. टेकडीवरची जाड टायरांची सायकल भिंतीवर टांगली गेली. पण सहाव्या महिन्यात ती पुन्हा घाट चढत होती, आणि मला वाटलं, सुटलो. तिनेही पेन घेऊन वहीचं नवं पान काढलं.

आठव्या महिन्यात, एका साध्या मंगळवारी, बाल्कनीतल्या स्टँडवरचा आवाज बंद झाला. तास व्हायला अजून वीस मिनिटं होती. मी उठून गेलो. ती सायकलवरच बसली होती, दोन्ही हात हँडलवर, डोळे मिटलेले. घड्याळाचा आकडा मलाही दिसत होता.

दुसऱ्यांदा डागलं. पाच महिन्यांनी पुन्हा तेच. डॉक्टरीणबाई त्या दिवशी खुर्ची ओढून आमच्या बाजूला येऊन बसल्या. म्हणाल्या, "तिसऱ्यांदा करता येईल. पण माझी सख्खी बहीण असती तर मी नको म्हटलं असतं. ठोके एकशेवीसच्या खाली ठेवा. त्यात म्हातारपणापर्यंत सायकल चालवाल."

"एकशेवीस तर जिना चढतानाही होतात," बायको म्हणाली.

"मग सावकाश चढा."

घरी आल्यावर मुलगी मायेने म्हणाली, "आई, जगातली बहुतेक माणसं हळूच सायकल चालवतात." बायकोने मान डोलावली, आत गेली आणि पाण्याचा नळ बराच वेळ सोडून ठेवला. मी दाराबाहेर उभा होतो. दार वाजवायला दोनदा हात उचलला आणि दोनदा खाली घेतला. आत जाऊन काय सांगणार होतो? तिच्या पायांत ताकद होती, फुफ्फुसांत दम होता, मनात तर होतंच होतं. सगळं जागच्या जागी होतं आणि तरी उपयोग नव्हता.

जाड टायरांची सायकल तिने स्वतःच खाली उतरवली आणि गटात नव्याने आलेल्या एका नर्सला दिली. तिला गिअर समजावून सांगताना ती इतकी मोकळेपणाने हसत होती की मला वाटलं, जमलं हिला. पुढच्या शर्यतीला मिस्त्रीने आग्रहाने तिला मनोऱ्यापाशी वेळ लिहायला बसवलं. ती गेली, सगळ्यांच्या वेळा सेकंदासकट बिनचूक लिहिल्या, सगळ्यांच्या पाठी थोपटल्या. घराच्या दारात चप्पल काढताना म्हणाली, "पुन्हा नाही जायचं."

आता आम्ही रविवारी सकाळी दोघं जातो. मी जुनी, मडगार्डवाली सायकल घेतली आहे. तिला एकटीला पाठवायचा मला धीर होत नाही, हे खरं कारण. माझं पोट कमी करायचंय, हे सांगितलेलं. सपाट रस्त्यावर बरं चालतं. ती मला मान सैल सोड, कोपरं आत घे असं शिकवते, मी चुका करतो.

गेल्या रविवारी नदीकडे जाताना लागणाऱ्या पुलावर आम्ही चढत होतो. पूल म्हणजे काय, दोनशे पावलांचा चढ. तिचं घड्याळ एकशेवीसला वाजतं. ते वाजलं. ती लगेच उतरली आणि सायकल हातात धरून चालायला लागली. मी पाय मारतच राहिलो, कारण थांबलो असतो तर त्या चढावर मला पुन्हा निघता आलं नसतं. तोंडाला फेस आला, पण पुलाच्या माथ्यावर मी पोचलो. आणि मागे वळून बघितलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच तिच्या आधी वर पोचलो होतो.

ती खालून येत होती. एक हात सीटवर, नजर रस्त्यावर. मला उतरून खाली जावंसं वाटलं, पण ते तिला आवडलं नसतं. पुढे निघून जावं, तर ते मला जमणार नव्हतं. मी चेन निसटल्यासारखं करून खाली वाकलो.

ती जवळ आली. घड्याळाकडे बघितलं, माझ्या चेनकडे बघितलं.

"चेन जागेवर आहे," ती म्हणाली.

"हो."

"मग थांबलास कशाला? जा पुढे."

"तू?"

"मी येते ना. अजून शंभरावर आहे. उतरू दे जरा."

मी निघालो नाही. तीही पुन्हा म्हणाली नाही. आम्ही पुलाच्या कडेला उभे राहिलो आणि ती मनगट उलटं धरून आकडा खाली यायची वाट बघत राहिली. अठ्ठ्याण्णव. सत्त्याण्णव. पुन्हा अठ्ठ्याण्णव.